वातप्रकृती आहे, मग काळजी जन्मभर सुटणारच नाही का?

समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न माझ्याकडे अधूनमधून येतोच. तिशीतल्या एका बाईंनी तो विचारला, तेव्हा सोबत वही आणली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) वहीत दोन रकाने, ‘चालतं’ आणि ‘चालत नाही’. दुसरा पानाच्या तळापर्यंत गेलेला: वांगं, बटाटा, वाटाणा, हरभरा, शेवटी पोहेसुद्धा. मोबाइलवरच्या चाचणीने त्यांना ‘वात’ (आयुर्वेदातल्या वात, पित्त, कफ या तीन दोषांपैकी एक) ठरवलं होतं. ऑफिसात डबा एकट्याच खायच्या. कुणी भाजी पुढे केली की छातीत धडधड. झोप उडालेली, वजन उतरलेलं.

आधी फिजिशियनकडे पाठवलं. थायरॉइड बिघडलं तरी असंच होतं, आणि ते बोलून बरं होत नाही. रिपोर्ट नॉर्मल आले. मग नोंदणीकृत वैद्यांकडे, कारण प्रकृती ठरवणं माझं काम नाही; मोबाइलचं तर नाहीच. चरकसंहितेत, म्हणजे आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथात, रुग्णाची परीक्षा दहा अंगांनी करायला सांगितलीय. प्रकृती हे त्यातलं एक. विकृती (झालेला बिघाड), सत्त्व (मनाचं बळ), सात्म्य (अंगवळणी पडलेलं, मानवणारं), पचनशक्ती, वय हेही बघायचं असतं. वैद्यांनी स्पष्टच सांगितलं, प्रकृती म्हणजे आजार नव्हे, जन्मतःची घडण. शिवाय वात वाढतो तो कोरड्या, अपुऱ्या खाण्याने आणि जागरणाने. म्हणजे वाताच्या धास्तीने बाईंनी वातालाच खतपाणी घातलं होतं.

पुढच्या भेटीत मी त्यांना चरकसंहितेच्याच ‘विमानस्थान’ या भागातला एक श्लोक दाखवला. पथ्याचं अन्न, तेही बेताने घेतलेलं, चिंता, शोक, भय, क्रोध नि जागरण यांमुळे पचत नाही, असा त्याचा अर्थ. बाई हसल्या. “म्हणजे मॅडम, ही वहीच अपथ्य?”

काढा, पंचकर्म सगळ्यांना ठाऊक असतं. चरकाने सांगितलेल्या तीन प्रकारच्या चिकित्सांमधली सत्त्वावजय, म्हणजे अहितकर विषयांपासून मन आवरणं, मात्र कुणी विचारत नाही. आम्ही कामाला घेतली ती तीच, आजच्या पद्धतीने. वैद्यांना विचारून ‘चालत नाही’मधला एकेक पदार्थ निवडायचा, खाण्याआधी काय होईल असं वाटतंय ते लिहायचं, दुसऱ्या दिवशी खरंच काय झालं ते लिहायचं. बटाट्याच्या दिवशी भीती होती रात्रभर पोट फुगण्याची; नोंद झाली, ‘एक ढेकर’.

आता डबा चौघींत खातात. काळजीचा स्वभाव आहेच, पण ती जेवणावर उतरत नाही. रात्रीचं दही अजून वर्ज्य. ते चरकालाही मान्य नाही, त्यामुळे मी वाद घातला नाही.