थांबवण्याचा अधिकार कोणाकडे? औषध-विकास कंपनीच्या नेतृत्वाविषयी प्रश्नोत्तरे

नवी औषधे विकसित करणाऱ्या कंपन्यांचा कारभार कोण आणि कसा चालवते, याविषयी बरेच प्रश्न आले आहेत. त्यांपैकी सहा प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : मी औषधनिर्माणशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. कंपन्यांच्या माहितीत ‘मुख्य वैज्ञानिक अधिकारी’ आणि ‘मुख्य वैद्यकीय अधिकारी’ अशी दोन वेगळी पदे दिसतात. दोघेही संशोधनच पाहत असतील, तर दोन माणसे कशासाठी?

उत्तर : दोघांपुढचे प्रश्न वेगळे असतात. ज्या प्रथिनावर आपण नेम धरला आहे त्याचा त्या रोगाशी खरोखर संबंध आहे का, आणि आपला रेणू, म्हणजे औषध होऊ पाहणारा पदार्थ, तेथवर पोहोचून अपेक्षित काम करतो का, हे मुख्य वैज्ञानिक अधिकारी पाहतात. हा रेणू माणसाला द्यावा का, कोणत्या रुग्णाला, किती मात्रेत, आणि काय दिसले की थांबायचे, हे मुख्य वैद्यकीय अधिकारी ठरवतात. पहिल्याचा जीव रेणूत गुंतलेला असतो आणि तो गुंतलेलाच हवा, कारण त्या ओढीशिवाय एकाच रेणूचा दहा-बारा वर्षे पाठपुरावा होत नाही. नेमक्या त्याच कारणाने रुग्णाची बाजू धरून ठेवणारी व्यक्ती दुसरी असावी लागते. आपण पुढे या क्षेत्रात नोकरीसाठी गेलात, तर मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांना संचालक मंडळाशी थेट बोलता येते का, एवढे अवश्य विचारा.

प्रश्न : एका औषध-विकास कंपनीत बचतीतले काही पैसे गुंतवावेत असा विचार आहे. नेतृत्वाची ओळख वाचली तर प्रत्येकाच्या नावापुढे मोठ्या पदव्या आणि मोठ्या कंपन्यांची नावे आहेत. यातून काय समजून घ्यावे?

उत्तर : पदव्या वाचून झाल्यावर दोन गोष्टी शोधा. यांच्यापैकी कोणी एखादे औषध प्रयोगशाळेपासून मंजुरीपर्यंत नेले आहे का? आणि कोणी एखादे औषध वेळीच थांबवले आहे का? मानवी चाचण्यांच्या पहिल्या टप्प्यात येणाऱ्या औषधांपैकी साधारण दहातले एकच मंजुरीपर्यंत पोहोचते. त्यामुळे वीस वर्षे या क्षेत्रात काढलेल्या माणसाच्या वाट्याला अपयश आलेलेच असते, आणि ज्या परिचयात केवळ यशाची नोंद आहे तो परिचय अपुरा आहे, असे मी मानतो.

त्याहून महत्त्वाची बाब परिचयात सहसा सापडत नाही. माणसांना बक्षीस कशाचे मिळते? अॅस्ट्राझेनेका कंपनीने २००५ ते २०१० या काळातील आपल्या प्रकल्पांची झाडाझडती घेऊन तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. किती रेणू पुढच्या टप्प्यात ढकलले या संख्येला महत्त्व आले की दुबळे रेणूही पुढे सरकतात, हे त्यांनी मोकळेपणाने मांडले. त्यानंतर लक्ष्य (नेम धरलेले प्रथिन), ऊती (औषध हव्या त्या जागी पोहोचते का), सुरक्षितता, रुग्ण आणि बाजारातील शक्यता या पाच बाबी नेमक्या आहेत का, हे तपासूनच पुढे जाण्याची पद्धत त्यांनी घालून घेतली. विकासासाठी निवडलेला रेणू चाचण्यांचा तिसरा टप्पा पूर्ण करण्याचे प्रमाण आधी ४ टक्के होते, ते २०१२ ते २०१६ या काळात १९ टक्क्यांवर गेले. तेव्हा वार्षिक अहवालात वरिष्ठांचा बोनस कशावर ठरतो तो परिच्छेद शोधून वाचा. मुख्य वैद्यकीय अधिकारी थोड्या वर्षांत दोन-तीनदा बदलले असतील, तर त्याचे कारण विचारल्याशिवाय पैसे गुंतवू नका.

प्रश्न : मी संशोधक आहे आणि माझ्या शोधावर कंपनी उभी राहिली आहे. गुंतवणूकदार म्हणतात, आता अनुभवी मुख्य कार्यकारी अधिकारी आणा आणि तुम्ही विज्ञान सांभाळा. त्यांचे ऐकावे का?

उत्तर : याला एकच नियम नाही. १९७६ साली जेनेन्टेक ही कंपनी स्थापन झाली तेव्हा गुंतवणुकीच्या व्यवसायातून आलेल्या रॉबर्ट स्वान्सन यांनी कारभार हाती घेतला आणि सहसंस्थापक संशोधक हर्बर्ट बॉयर यांनी विद्यापीठातील प्राध्यापकी सोडली नाही. याउलट १९८८ मध्ये रीजेनेरॉन सुरू करणारे लिओनार्ड श्लायफर हे स्वतः मज्जाविकारतज्ज्ञ. ते मुख्य कार्यकारी झाले, आणि विज्ञानाची धुरा सुरुवातीच्या काळापासून जॉर्ज यान्कोपौलोस यांच्याकडे राहिली. बायोएनटेकमध्ये तर पती-पत्नी दोघेही डॉक्टर आणि संशोधक : उगुर शाहिन मुख्य कार्यकारी झाले, तर ओझलेम ट्युरेजी मुख्य वैद्यकीय अधिकारी झाल्या.

यांपैकी रीजेनेरॉनचा प्रवास आपण नीट अभ्यासावा. ज्या औषधावर त्यांची सुरुवातीची सारी भिस्त होती, ते चेतापेशींच्या एका असाध्य आजारावरील औषध १९९४ मध्ये चाचणीत अपयशी ठरले. पुढच्याच वर्षी रॉय व्हॅजेलॉस संचालक मंडळाचे अध्यक्ष झाले. ते स्वतः डॉक्टर आणि जीवरसायनशास्त्रज्ञ होते आणि मर्कसारखी मोठी कंपनी त्यांनी चालवली होती. कंपनीच्या पहिल्या औषधाला मंजुरी मिळाली ती २००८ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर वीस वर्षांनी. संस्थापक आपल्या जागी राहिले, पण त्यांच्या वर विज्ञान कळणारा आणि त्यांना दबून न राहणारा माणूस होता. आपण मुख्य कार्यकारी राहा किंवा राहू नका, असा माणूस आपल्या संचालक मंडळात आधी आणा. आपला रेणू चुकीचा आहे असे आपल्या तोंडावर सांगणारे कंपनीत आज कोणी नसेल, तर पदनामांचा प्रश्न नंतरचा आहे.

प्रश्न : माझा भाऊ एका औषधाच्या चाचणीत होता. स्वतंत्र समितीच्या शिफारशीवरून चाचणी थांबवली, एवढेच आम्हाला कळवले गेले. स्वतःच्या चाचणीत काय चालले आहे हे कंपनीच्या वरिष्ठांना आधी ठाऊक नसते का? की ते लपवतात?

उत्तर : आपली अस्वस्थता मी समजू शकतो. बहुतेक मोठ्या चाचण्यांत कोणाला नवे औषध मिळाले आणि कोणाला नाही, हे रुग्ण, डॉक्टर आणि कंपनी यांच्यापैकी कोणालाही ठाऊक नसते. ती व्यवस्था मुद्दाम केलेली असते. दोन्ही गटांची आकडेवारी उघडून पाहण्याचा अधिकार बाहेरच्या तज्ज्ञांच्या सुरक्षितता-समितीला असतो, आणि धोका दिसल्यास ती कंपनीला थांबण्याची शिफारस करते.

हे प्रत्यक्षात कसे घडते, ते टॉर्सेट्रॅपिबच्या उदाहरणावरून कळेल. चांगले कोलेस्टेरॉल वाढवणाऱ्या या औषधावर फायझरची मोठी आशा होती. सुमारे १५,००० रुग्णांची चाचणी चालू होती, आणि नोव्हेंबर २००६ च्या अखेरीस कंपनीच्या प्रमुखांनी गुंतवणूकदारांपुढे औषधाची वाखाणणी केली. दोनच दिवसांनी, २ डिसेंबरला, समितीने कळवले की नवे औषध घेणाऱ्या गटात ८२ मृत्यू झाले आहेत आणि तुलनेच्या गटात ५१. कंपनीने त्याच दिवशी चाचणी आणि औषधाचा पुढचा विकास दोन्ही थांबवल्याचे जाहीर केले. दोन दिवसांपूर्वीची ती वाखाणणी लबाडीची होती असे मला वाटत नाही. त्यांना ते आकडे दाखवले गेलेच नव्हते. शिफारस हाती आल्यावर मात्र नेतृत्वाची खरी कसोटी लागते, आणि तेव्हा एक दिवसही दवडला गेला नाही, याची नोंद घ्यायला हवी.

आपल्या भावाला कोणते औषध मिळत होते आणि यापुढे किती काळ तपासण्या कराव्यात, हे चाचणीच्या डॉक्टरांना लेखी विचारा. उत्तर टाळले गेले, तर संमतिपत्रावर नैतिकता-समितीचा संपर्क दिलेला असतो. तेथे दाद मागा.

प्रश्न : आमच्या कंपनीत जेमतेम दहा माणसे आहेत. चाचण्या, उत्पादन, आकडेवारी, सगळेच बाहेरच्या संस्थांकडून करून घेतो. अशा ठिकाणी इतक्या वरिष्ठ पदांची गरज आहे का?

उत्तर : पदे कमी ठेवा, पण जबाबदारी बाहेर गेली असे समजू नका. चाचण्यांसंबंधीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट सांगतात की, प्रायोजक कंपनी, म्हणजे जिच्या औषधाची चाचणी आहे ती, कामे कंत्राटी संस्थेकडे सोपवू शकते, मात्र चाचणीच्या दर्जाची अंतिम जबाबदारी प्रायोजकाचीच राहते.

१३ मार्च २००६ रोजी लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात काय घडले ते आठवा. टेजेनेरो या लहान जर्मन कंपनीचे औषध प्रथमच माणसाला दिले जाणार होते आणि चाचणी कंत्राटी संस्था करत होती. आठ निरोगी तरुण खाटांवर होते. त्यांपैकी दोघांना औषधाविना द्रव, तर सहा जणांना औषध. एकाच्या शिरेत औषध सोडून झाले की साधारण दहा मिनिटांनी पुढच्याची पाळी. मात्रा प्राण्यांमध्ये सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या भागाइतकी होती, म्हणून कोणाला काळजी वाटली नाही. पहिल्याला त्रास जाणवू लागला तोवर सहावाही औषध घेऊन बसला होता. डोकेदुखी, हुडहुडी, उलट्या, आणि काही तासांत सहाही जण अतिदक्षता विभागात. सारे वाचले, पण काहींना कायमची इजा झाली. कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली.

यानंतरच्या चौकशीतून अशा औषधांची पहिली मात्रा आधी एकालाच देऊन वाट पाहण्याची शिफारस आली. दहा मिनिटांचे अंतर कागदावर लिहिले जात होते, तेव्हा ‘इतकी घाई कशासाठी?’ असे विचारण्याचे काम प्रायोजकाचेही होते. आपल्या दहा माणसांत हा प्रश्न विचारू शकेल असा एक अनुभवी डॉक्टर पूर्णवेळ ठेवा. उत्पादनाच्या बाजूनेही तसेच : बाहेरून तयार होऊन आलेली बॅच अडवून ठेवण्याचा अधिकार असलेली गुणवत्ता-प्रमुख व्यक्ती आपल्या पगारावर असावी, आणि तिची वेतनवाढ वेळापत्रकाशी बांधलेली नसावी.

प्रश्न : मी एका कंपनीत जनसंपर्क पाहते. चाचणीच्या निकालाचे प्रसिद्धिपत्रक कोणी मंजूर करावे? आमच्याकडे मुख्य कार्यकारी स्वतःच अखेरचा हात फिरवतात.

उत्तर : त्यांनी हात फिरवावा, पण अखेरचा नको. इंटरम्यून कंपनीने २००२ मध्ये फुफ्फुसांच्या फायब्रोसिसवरील (फुफ्फुसे घट्ट होत जाण्याच्या आजारावरील) औषधाच्या ३३० रुग्णांच्या चाचणीचा निकाल जाहीर केला. चाचणीचे ठरलेले मुख्य उद्दिष्ट साधलेले नव्हते. तरी पत्रकाच्या शीर्षकात मृत्यूंचे प्रमाण घटल्याचा दावा झळकला, जो सौम्य ते मध्यम आजाराच्या एका उपगटातील आकडेवारीवर बेतलेला होता, आणि तो उपगट निकाल हाती आल्यावर पाडलेला होता. पत्रकातील आकडे खोटे नव्हते, मांडणी दिशाभूल करणारी होती. मुख्य कार्यकाऱ्यांना २००९ मध्ये या पत्रकावरून दोषी ठरवले गेले, आणि पुढे २०२१ मध्ये त्यांना अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची माफी मिळाली. त्याच औषधाची पुढची मोठी चाचणी मात्र २००७ मध्ये उपयोग दिसत नसल्याने थांबवावी लागली होती.

आपल्या पत्रकाच्या पहिल्या वाक्यात ठरलेल्या मुख्य उद्दिष्टाचे काय झाले तेच लिहा. मसुदा आधी संख्याशास्त्रज्ञाकडे आणि मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवा, दोघांची सही तारखेसह घ्या, आणि त्यानंतर शीर्षकातला एक शब्द जरी बदलला, तरी सही पुन्हा घ्या.