तारेचा स्वर गणितात कसा?

विश्वदृष्टींची तुलना करताना ज्ञानशाखांचं आपसातलं नातं कसं पाहायचं, हा तुमचा प्रश्न. मी आधी एकच गोष्ट बघतो: कोणता विषय कुणाच्या शेजारी बसवलाय?

मध्ययुगीन युरोपातल्या विद्यापीठांत संगीत हे अंकगणित, भूमिती आणि खगोलशास्त्र यांच्या गटात मोडायचं. आज विचित्र वाटतं. पण ताणलेली तार बरोबर मध्यावर दाबून छेडा, स्वर एक सप्तक वर जातो. लांबी निम्मी, कंपनं दुप्पट. (कंपनं मोजणं नंतरचं, लांबीचं प्रमाण ग्रीकांनाही ठाऊक होतं.) विश्व संख्यांच्या प्रमाणावर उभं आहे असं मानणाऱ्यांना तार आणि ग्रह एकाच हिशेबातले वाटायचे.

१९व्या शतकात ऑग्युस्त कॉम्त या फ्रेंच विचारवंताने शिडीच मांडली: गणित, खगोल, भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि वर समाजशास्त्र. तिच्यात मानसशास्त्राला पायरी नाही, कारण मनाने स्वतःकडेच पाहणं त्याला विज्ञान वाटत नव्हतं. मला तर अशा गाळलेल्या जागाच जास्त बोलक्या वाटतात. मध्ययुगात शिखरावर असलेलं धर्मशास्त्रही या शिडीवर कुठेच दिसत नाही.