अमेरिकेतली कॅल्हून काउंटी (म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग) नेमकी कुठे आहे आणि तिथे राहतं कोण?

इलिनॉय राज्यात. पश्चिमेला मिसिसिपी, पूर्वेला इलिनॉय नदी आणि मधे ही चिंचोळी, डोंगराळ पट्टी. दोन्ही नद्यांचा संगम दक्षिण टोकाजवळ. हिमयुगातल्या हिमनद्यांनी हा भाग बहुतेक वगळला, म्हणून बाकी इलिनॉय बहुतेक सपाट असताना इथे मात्र चढउतार.

पाइक काउंटीतून 1825 मध्ये ती वेगळी झाली. मुख्य गाव हार्डिन. काउंटीत रेल्वे कधी आलीच नाही, आणि माझ्या मते इथलं सगळं वेगळेपण त्यातच आहे. इलिनॉय नदीवर हार्डिनला 1931 चा एकच पूल, बोटी आल्या की त्याचा मधला भाग सरळ वर उचलला जातो. बाकी ठिकाणी नदी ओलांडायची तर फेरीबोटींनी. इथल्या ब्रसेल्स गावाची फेरी फुकट, गाडी चढवा आणि निघा; शेजारच्या मिसूरी राज्याकडे नेणाऱ्या गोल्डन ईगल फेरीला मात्र पैसे पडतात.

लोकसंख्या जेमतेम साडेचार हजार. त्यात जर्मन वंशाचे कॅथलिक बरेच. धंदा शेतीचा, त्यातही पीच आणि सफरचंदाच्या बागा. 1993 च्या महापुराने नदीकाठच्या वस्त्यांची दैना केली होती. जाणार असाल तर उन्हाळ्यात जा, पीच तेव्हाच मिळतात.