फ्रेडोला खुनाची कल्पना होती का?

‘द गॉडफादर पार्ट टू’ (१९७४) या सिनेमातला फ्रेडो खरंच आपल्या धाकट्या भावाच्या, माफिया प्रमुख मायकलच्या, जिवावर उठला होता, की मायकलचा शत्रू हायमन रॉथ याच्या माणसांनी त्याला वापरून घेतलं, असं तुम्ही विचारलंय. मी नागपूरला फौजदारी वकिली करतो. या प्रश्नावर माझं आणि मोठ्या भावाचं आजवर जमलेलं नाही. दादाचं एकच पालुपद, "अबे, त्याला माहीतच नव्हतं ना, मग गुन्हा काहेचा?"

खुनाच्या कटापुरतं दादाचं बरोबर आहे. कट म्हणजे दोघांचं एकमत, आणि ज्याला खून होणार हे ठाऊकच नाही त्याचं खुनावर एकमत कसं होणार? मायकलच्या घरावर गोळीबार होतो, त्या हल्ल्यानंतर मध्यरात्री फ्रेडोला जॉनी ओलाचा फोन येतो तो प्रसंग पुन्हा बघा. फ्रेडो झोपेतून उठतो आणि म्हणतो, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात, परत फोन करू नका. पलीकडे रॉथचाच माणूस आहे. त्याच्यापुढे निर्दोष असल्याचं नाटक करून फ्रेडोला काय मिळणार? मी त्याचा वकील असतो तर सगळ्यात आधी हा फोन पुढे केला असता.

बरेच जण खिडकीच्या पडद्यांवर अडतात. हल्ल्याच्या रात्री मायकलची बायको के विचारते, पडदे उघडे का आहेत, आणि लगेच गोळ्या सुटतात. पण ते कोणी उघडले हे सिनेमा दाखवतच नाही. मारेकरी अंगणातच मेलेले सापडतात, त्यांना कोणी मारलं तेही दाखवत नाही. त्यावरून फ्रेडोला आरोपी करणं मला पटत नाही.

मी त्याला दोषी धरतो ते पुढच्या वागण्यासाठी. त्याच फोननंतर बायको विचारते, कोण होतं? तो म्हणतो, राँग नंबर. हे दोन शब्द मला फार लागतात. कारण आता त्याला सगळं कळलेलं आहे.

मग हवाना. मायकल त्याला जवळ बसवून सांगतो की घरावरचा हल्ला रॉथनेच करवला. म्हणजे भावाने विश्वास टाकला. त्या क्षणी फ्रेडोने "ओला माझ्याशी बोलला होता" एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. तो म्हणत नाही. ओलाला ओळखतही नसल्याचं भासवतो. आणि ३१ डिसेंबरच्या रात्री तिथल्या एका क्लबात दारूच्या भरात स्वतःच बोलून जातो की ही जागा आपल्याला जॉनी ओलानेच दाखवली. मागे उभ्या मायकलचा चेहरा बघा. दादाच्या धरमपेठेतल्या घरी आम्ही तिथंच सिनेमा थांबवला होता. समोर तर्री पोहे थंड होत होते आणि दोघांपैकी कोणीही हात लावला नाही.

दादा म्हणाला, "घाबरला होता रे तो. मोठा असून बापाने डावललं, त्याचं दुःख वेगळंच." डावलल्याचं दुःख खरं आहे, शेवटी तळ्याकाठच्या खोलीत तो ते ओरडून सांगतो. मी स्वतः धाकटा, त्यामुळे दादाच्या आवाजात तेव्हा काय होतं ते मला कळलं. तरी माझं मत बदललं नाही. मायकलची चौकशी करणाऱ्या सिनेट समितीचा वकील रॉथचा माणूस आहे, ही भावाला वाचवू शकणारी माहिती फ्रेडोकडे आधीपासून होती, आणि ती तो देतो मायकलने खोदून विचारल्यावर.