लोन घ्यायचंच नाही, मग छोट्या धंद्याला बिझनेस प्लॅन कशाला लिहायचा?

बँकेसाठी नाही भाऊ, आपलं भाडं तरी निघते का नाही हे समजावं म्हणून लिहायचा. आता समजा नागपुरात मानेवाड्याकडे तर्री-पोह्याचं दुकान टाकलं, प्लेट 30 रुपयाला, अन् पोहे, चना, तेल, गॅस सगळं धरून 16 रुपये जातात. उरले 14. भाडं 12 हजार अन् हाताखालच्या माणसाचा पगार 9 हजार, म्हणजे हे 21 हजार नुसते निघायलाच महिन्याला 1500 प्लेटा पाहिजे, रोजच्या 50, रविवारी बंद ठेवलं तर 58, अन् यात तुमची स्वतःची मजुरी धरलेलीच नाही बरं का! हे तोंडी हिशोबात कधी दिसत नाही, तिथे सगळे फायद्यातच असतात.

अन् हिशोब महिन्यावार करा. मे मध्ये पारा 45 ला टेकला की दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असलं की सिव्हिल लाइन्सकडे पाय ठेवायला जागा नसते, मग बारा महिने सारखीच विक्री कशी धरता? उधारीचा कॉलम वेगळा ठेवा, ओळखीचेच जास्त बुडवतात.

पुढेमागे लोन लागलंच तर सरकारच्या मुद्रा योजनेत शिशु म्हणजे सगळ्यात छोट्या गटात 50 हजारापर्यंत मिळतात, पीएमईजीपी या सबसिडीवाल्या सरकारी लोन योजनेला तर प्रोजेक्ट रिपोर्ट द्यावाच लागते. तो कोणाकडून कॉपी-पेस्ट करून आणू नका, मॅनेजरनं दोन प्रश्न विचारले की ततपप होते. सुरुवातीला वहीची दोन पानं पुरतात.