उसवू नका, आधी पट्टी घेऊन मोजा

तुमची पोस्ट सकाळी वाचली आणि दिवसभर डोक्यातून गेली नाही. पहिलीच क्विल्ट (कापडाचे तुकडे जोडून केलेली गोधडी), तिचे बारा ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेले मोठे चौकोन, झालेत, कोपरे जुळत नाहीत, क्लासमध्ये दाखवली तर एका जुन्या बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या की आधी सरळ शिवायला शिका मग हे करा, आणि आता तुम्ही विचारताय की सगळं उसवून पुन्हा करू की मशीनच गुंडाळून ठेवू. मी यातलं दोन्ही केलंय, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

कापड आधी धुवून घ्या, सुती वापरा, ब्लेडला धार ठेवा वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात वेळ घालवत नाही.

बाबा गेल्यावर त्यांच्या पाच शर्टांची क्विल्ट करायला घेतली होती. डिझाइन अगदी साधं, एक नाइन पॅच (तीन ओळींत नऊ छोटे चौकोन जोडलेला ब्लॉक) आणि एक साधा पांढरा चौकोन, आलटून पालटून. 7 ब्लॉक आडवे, 9 उभे, म्हणजे 32 नाइन पॅच आणि 31 पांढरे. शर्टांचे अडीच इंचाचे चौकोन कापले, पांढरे साडेसहाचे. नाइन पॅच एकेकटे बघितले तर सुरेख दिसत होते, पण पांढऱ्याला जोडायला गेलं की कापड पुरायचंच नाही, मग मी ते ओढून पिना लावून बसवायचे आणि मधे चुण्या पडायच्या. चार ओळी अशाच केल्या आणि एका ग्रुपमध्ये घेऊन गेले. कोणता ते लिहीत नाही, तिथे चांगली माणसंही असतील. ‘नवख्यांचं स्वागत’ असं त्यांच्या पाटीवर लिहिलेलं होतं एवढं मात्र खरं. ग्रुप चालवणाऱ्या बाईंनी माझं काम हातात घेतलं, उलटं केलं, आणि बोटाने एकेक कोपरा दाखवत मोठ्याने मोजायला लागल्या. अकरापर्यंत मोजून म्हणाल्या, सगळं उसवा आणि पुन्हा करा, असं काम पुढे नेण्यात अर्थ नाही. खोलीतलं कोणीच काही बोललं नाही. मला त्या बाईंपेक्षा त्या गप्प बसण्याचा राग जास्त आला, अजूनही आहे.

आणि मग मी ती चूक केली जी तुम्ही करू नका म्हणून हे सगळं लिहितेय. त्याच रात्री सीम रिपर (टाके उसवायचं छोटं हत्यार) घेऊन बसले आणि सगळं उसवलं. नुसत्या ओळी नाही, नाइन पॅचसुद्धा, पार सुट्टे चौकोन होईपर्यंत. रागात माणूस टाका कापत नाही, दोन तुकडे धरून ओढतो. बाबांचा एक फिका निळा शर्ट होता, बारीक रेघांचा, वर्षानुवर्षं धुवून कोपरापाशी इतका विरलेला की दिव्यासमोर धरला तर पलीकडचं दिसायचं. त्याचे चौकोन टाक्यांच्या रेषेवर फाटत गेले, जे वाचले त्यांच्या कडांचे धागे निघाले, अडीच इंचाचे सव्वादोनच उरले. दुकानातलं कापड असतं तर परत आणलं असतं. हे कुठून आणणार? सगळं पिशवीत भरून कपाटावर टाकलं ते 3 वर्षं काढलं नाही.

ती पिशवी उघडली शेजारच्या काकूंनी. खूप वर्षं गोधड्या, क्विल्ट करणाऱ्या बाई, पण मला एका शब्दाने शिकवलं नाही आधी. एकेक तुकडा काढून टेबलावर मांडत विचारत गेल्या, हा शर्ट कुठला, हा ते कधी घालायचे. मी सांगत गेले. तळाशी उसवायचे राहून गेलेले दोन नाइन पॅच निघाले, ते बघून म्हणाल्या, हा निळा तू मधोमध ठेवलायस ते बरोबर केलंस, नजर तिथेच जाते. मला माझ्या कामाबद्दल कोणीतरी नेमकं असं काही पहिल्यांदाच सांगितलं होतं. नुसतं ‘छान आहे हो’ म्हटलं असतं तर मी पिशवी परत बांधली असती, ते ऐकून कळतंच की समोरच्याने बघितलेलं नाही.

मग त्यांनी पट्टी मागितली. त्या दोन नाइन पॅचमधला एक मोजला, बरोब्बर 6 इंच भरला. उलटा करून शिवणीवर, म्हणजे टाक्यापासून कापडाच्या कडेपर्यंत, पट्टी ठेवली, हव्या त्या पाव इंचाच्या जागी पाव आणि अर्ध्याच्या मधोमध. मी प्रेसर फूटची (सुईपाशी कापड दाबून धरणाऱ्या पायाची) कड धरून शिवत होते, आणि माझ्या मशीनच्या फूटची कड सुईपासून पाव इंचापेक्षा लांब होती, बस. दर शिवणीत दोन्ही तुकड्यांचं मिळून पाव इंच जास्तीचं जात होतं, दोन शिवणी म्हणजे अर्धा इंच. साडेसहाच्या जागी सहा. माझा हात सरळच होता, सगळे ब्लॉक सारखेच लहान झाले होते! पांढरे 31 चौकोन अर्धा इंच लहान कापले असते आणि फक्त मोठ्या जोडण्या उसवल्या असत्या तर सगळं तसंच्या तसं बसलं असतं, एकही नाइन पॅच उसवावा लागला नसता. क्विल्ट थोडी लहान झाली असती इतकंच. त्या ग्रुपमध्ये एकीनेही पट्टी हातात घेतली नव्हती. अकरा चुका मोजल्या, शिवण नाही मोजली. हे लिहितानाही मला त्रास होतोय.

म्हणून तुम्हाला आधी हे सांगते. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, शेजारी शेजारी जोडा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. ती एक इंच भरली तर शिवण बरोबर. कमी भरली तर शिवण जास्त घेताय. मग सुईपासून पाव इंचावर मशीनवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा आणि त्याला कापड टेकवून शिवा. घडीत पण थोडं कापड जातं, म्हणून पाव इंचाहून केसभर कमीच धरा. (इस्त्री घासू नका, ठेवा आणि उचला, घासल्याने चौकोन तिरपे होतात. आणि सुई बदला, पहिली सुई बरेच जण वर्षभर चालवतात.)

तुमच्या मशीनचा प्रकार वेगळा असेल, कारणही वेगळं असू शकेल, मी काही टीचर नाही. पण कोपरे न जुळण्यामागे बहुतेक वेळा असलं मोजता येणारं काहीतरी असतं, माणसाची लायकी नसते.

माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या: शिकणाऱ्याला एका वेळी एकच चूक सांगावी, तीही त्याने विचारलं तर, आणि शेजारी बसून सांगावी. काकू माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या, टेप मी लावला, पहिल्या तीन पट्ट्या मी शिवल्या, त्या फक्त दोरा ओवून देत होत्या. स्पर्धेची गोष्ट निराळी, तिथे परीक्षकांनी कोपरे मोजावेतच, ते त्यांचं कामच आहे. पण पहिली क्विल्ट घेऊन आलेला माणूस स्पर्धेला आलेला नसतो. क्लासमध्ये तुमच्याबरोबर जे गप्प बसले त्यांनाही हे लागू आहे, एकीने जरी नंतर येऊन ‘मला तुमचे रंग आवडले’ म्हटलं असतं तरी तुम्ही आज ही पोस्ट लिहिली नसती.

काकूंनी मला त्या दिवशी मोबाइलवर अमेरिकेतल्या अलाबामामधल्या गीज बेंड गावच्या क्विल्ट दाखवल्या. पट्ट्या वाकड्या, कडा सरळ नाहीत, कुठे रुंद कुठे अरुंद, आणि बघत राहावं अशा. तिथल्या मिसुरी पेटवे यांनी 1942 मध्ये नवरा गेल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची एक क्विल्ट केली होती, विटलेलं कापड, ठिकठिकाणी डाग. 2002 मध्ये त्या गावच्या क्विल्ट ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये लागल्या, 2006 मध्ये अमेरिकेने त्यांची पोस्टाची तिकिटं काढली. मी ती कामाच्या कपड्यांची क्विल्ट किती वेळ बघत बसले कोण जाणे. सरळ रेषा नको असं मी म्हणत नाहीये, मला स्वतःला जुळलेले कोपरे आवडतात. पण त्या फोटोनंतर बाबांच्या शर्टाचे उरलेले तुकडे मला कमी वाटेनासे झाले.

माझी क्विल्ट शेवटी लहान झाली, 20 ब्लॉकची, निळा शर्ट फक्त चार ठिकाणी आहे, त्यामागे पातळ अस्तर चिकटवून घेतलं (विरलेल्या कापडाला ते लावाच, कापण्याआधी). त्या वाचलेल्या दोन ब्लॉकमधला एक तसाच 6 इंचाचा ठेवलाय, त्याच्या चारी बाजूंनी बारीक पांढरी पट्टी लावून त्याला साडेसहाचा केला.

तर आज रात्री सीम रिपरला हात लावू नका. खरंच उसवायची वेळ आली तर चार दिवसांनी, दिवसा उजेडी, एका बाजूचा दर तिसरा चौथा टाका कापायचा आणि दुसऱ्या बाजूचा दोरा हळूच ओढायचा, म्हणजे कापडावर ताण येत नाही. आणि त्याआधी तुमच्या एका ब्लॉकचा उलट बाजूने फोटो टाका, शिवणीवर पट्टी ठेवून, आकडे दिसतील असा. शिवाय चौकोन किती इंचाचे कापले होते तेही लिहा. मी रात्री उशिरापर्यंत जागीच असते.