वर्डची ४० पानांची फाइल लिबरऑफिसमध्ये ४३ पानांची होते, सॉफ्टवेअर बदलू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसातल्या संगणकावर मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या वर्डमध्ये केलेला ४० पानांचा अहवाल घरी विंडोज ११ वर लिबरऑफिस ६.४ मध्ये उघडला की ४३ पानं होतात, काही तक्ते पानाखाली गायब होतात आणि मराठी अक्षरं कुठे मोठी, कुठे बारीक दिसतात. मग लिबरऑफिस काढून दुसरं मोफत ऑफिस टाकावं का?

लगेच काढू नका. तुमच्या तीन तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत आणि त्यातल्या निदान पानांच्या तक्रारीचं कारण कुठलंही दुसरं ऑफिस टाकलंत तरी बहुतेक पाठ सोडणार नाही. पण एक गोष्ट मात्र आजच करा: आवृत्ती बदला. ६.४ ही जानेवारी २०२० ची आवृत्ती आहे. २०२४ पासून लिबरऑफिसच्या आवृत्तीचा क्रमांक वर्ष आणि महिन्यावरून ठरतो, म्हणजे २४.२ ही फेब्रुवारी २०२४ ची. तुमचा क्रमांक सहाने सुरू होतो यावरूनच ती किती मागे आहे ते कळेल. जुनी आवृत्ती आपण होऊन नवी होत नाही. लिबरऑफिसच्या संकेतस्थळावरून नवी उतरवून तशीच बसवा. जुनी आधी काढावी लागत नाही आणि तुमच्या सेटिंग्जही राहतात.

आवृत्तीवर एवढा जोर देण्याचं कारण तक्ते. वर्डमध्ये तक्त्याभोवती मजकूर वाहता ठेवला असेल, म्हणजे टेबल प्रॉपर्टीजमध्ये टेक्स्ट रॅपिंग 'अराउंड' असेल, तर तो तरंगता तक्ता ठरतो. असा तक्ता एका पानावरून दुसऱ्या पानावर तोडणं लिबरऑफिसला २०२३ मधल्या ७.६ आवृत्तीपासून जमायला लागलं. त्याआधी तक्ता पानापेक्षा लांब झाला की उरलेल्या ओळी पानाच्या तळाखाली जायच्या. त्या फाइलमध्ये असतात, पण दिसत नाहीत आणि छापल्याही जात नाहीत. तुमच्याकडे 'गायब' होतंय ते बहुधा हेच. वर्डमध्ये टेक्स्ट रॅपिंग 'नन' केलंत तर जुन्या आवृत्तीतही तो तक्ता नीट तुटतो. माझं स्पष्ट मत, अहवालात तरंगत्या तक्त्याची गरज जवळजवळ कधीच नसते. कोणीतरी माउसने तक्ता ओढला की वर्ड गुपचूप तो तरंगता करतो, एवढंच.

तक्त्यांचे रकाने अरुंद-रुंद होत असतील तर वर्डमध्येच टेबल प्रॉपर्टीज > ऑप्शन्समध्ये 'ऑटोमॅटिकली रिसाइझ टू फिट कंटेंट्स' ही खूण काढा आणि रकान्यांची रुंदी सेंटिमीटरमध्ये ठरवून द्या. मजकुराप्रमाणे आपोआप रुंद होणारे रकाने दोन सॉफ्टवेअर सारखेच मोजतील याचा भरवसा नाही.

आता पानांची संख्या. आधी ऑफिसातून त्याच फाइलची पीडीएफ करून आणा आणि घरी शेजारी उघडून ठेवा. दोन्हींत पहिला फरक कुठे पडतो तेवढंच शोधा. पान ४ वर एक ओळ खाली सरकली असेल तर पुढची छत्तीस पानं त्या एका ओळीचा परिणाम असू शकतात. लोक शेवटच्या पानापासून दुरुस्ती करू लागतात आणि वर काही बदललं की सगळं पाण्यात जातं.

तो पहिला फरक जिथे आहे तिथे कर्सर ठेवून वरच्या पट्टीतलं फॉन्टचं नाव बघा. नाव तिरप्या अक्षरांत दिसत असेल तर तो फॉन्ट तुमच्या संगणकावर नाही आणि लिबरऑफिस त्याच्याऐवजी दुसरा वापरतंय. माझा पहिला संशय ॲप्टोसवर. २००७ पासून ऑफिसचा ठरलेला फॉन्ट कॅलिब्री होता. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या जागी ॲप्टोस आणला. कॅलिब्री विंडोजबरोबरच येतो, म्हणून तो घरीही असतो. लिनक्सवर नसला तरी लिबरऑफिससोबत कार्लितो हा फॉन्ट येतो, ज्याच्या प्रत्येक अक्षराची रुंदी कॅलिब्रीइतकीच ठेवलेली आहे, त्यामुळे ओळी त्याच जागी तुटतात. टाइम्स न्यू रोमन आणि एरियलसाठी लिबरेशन, कँब्रियासाठी कॅलाडिया ही तशीच जोडी. ॲप्टोससाठी लिबरऑफिससोबत असा जोडीदार येत नाही. मग जो पर्यायी फॉन्ट मिळेल तो थोडा जरी रुंद असला, तरी बारा शब्दांच्या ओळीत अकराच मावतात आणि ४० पानांची ४३-४४ होतात. तुमचा आकडा या हिशेबात बसतो.

उपाय दोन. मायक्रोसॉफ्टच्या डाउनलोड सेंटरवर ॲप्टोस फुकट मिळतो. झिप उघडा, सगळ्या फाइल निवडून उजवं क्लिक करा आणि 'इन्स्टॉल फॉर ऑल यूझर्स' घ्या. लिबरऑफिसच्या सगळ्या खिडक्या बंद करून पुन्हा उघडल्याशिवाय नवा फॉन्ट यादीत येत नाही. किंवा, आणि हे मला जास्त आवडतं, अहवालाचाच फॉन्ट असा ठेवा जो दोन्हीकडे आहे. वर्डमध्ये फाइल > ऑप्शन्स > सेव्ह इथे 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल' अशी तिसरी वाटही आहे. फॉन्ट फाइलमध्येच जातो आणि लिबरऑफिस तो वाचतं. पण फाइल फुगते आणि काही फॉन्टचा परवाना अशी परवानगीच देत नाही, म्हणून मी तिला शेवटचा नंबर देतो.

कुठले फॉन्ट खरोखर वापरले गेले याबद्दल शंका राहिली तर दोन्हीकडून पीडीएफ काढा. ॲडोबी रीडरमध्ये कंट्रोल आणि डी दाबून 'फॉन्ट्स' हा भाग उघडा. दोन याद्या ताडून पाहिल्या की दोषी लगेच सापडतो.

फॉन्ट जुळूनही फरक राहिला तर कंट्रोल आणि एफ१० दाबा. शब्दांमधल्या जागा ठिपक्यांनी, परिच्छेदाचा शेवट खुणेने दिसू लागतो. तारीख उजवीकडे नेण्यासाठी पन्नास वेळा स्पेसबार, नवं पान यावं म्हणून पंधरा वेळा एंटर असं काही सापडलं तर कारण हातात आलं. स्पेसची रुंदी आणि ओळीची उंची फॉन्टप्रमाणे बदलते, म्हणून असं बसवलेलं पान दुसरीकडे टिकत नाही. नव्या पानासाठी कंट्रोल आणि एंटर, उजवीकडे नेण्यासाठी राइट टॅब, म्हणजे मजकूर उजव्या कडेला जुळवणारा टॅब. चित्रं वर्डमध्ये 'इन लाइन विथ टेक्स्ट' ठेवा, ती अक्षरासारखी ओळीत बसतात आणि भटकत नाहीत. आणि पानाचा आकार एकदा बघाच: ए४ हा २१० × २९७ मिलिमीटर, लेटर २१६ × २७९. नवी फाइल एका मापात आणि जोडलेला भाग दुसऱ्या मापात, असं कॉपी-पेस्ट करताना सहज होतं.

मराठी अक्षरांचं प्रकरण निराळं आहे. वर्डच्या फाइलमध्ये रोमन लिपीसाठी एक फॉन्ट आणि आकार नोंदलेला असतो, तर देवनागरीसारख्या लिप्यांसाठी दुसरा. म्हणजे 'आकार ११' असं तुम्हाला दिसतं तेव्हा ते रोमनचं असू शकतं आणि देवनागरीसाठी १४ लिहिलेलं असू शकतं. लिबरऑफिसमध्ये हे बघायला टूल्स > ऑप्शन्समध्ये भाषांच्या भागात जा. जुन्या आवृत्तीत तो 'लँग्वेज सेटिंग्ज > लँग्वेजेस', नव्यात 'लँग्वेजेस अँड लोकेल्स > जनरल'. तिथे 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' सुरू करून भाषा मराठी निवडा. मग एफ११ दाबून शैलींची पट्टी उघडा, अहवालात जी परिच्छेद शैली वापरली आहे तिच्यावर उजवं क्लिक करून ती संपादित करा. फॉन्टच्या भागात आता देवनागरीसाठी वेगळी जागा दिसेल, तिथे फॉन्ट आणि आकार द्या. तरीही काही ओळी बदलल्या नाहीत तर तिथे कोणीतरी शैलीवरून थेट आकार दिलेला आहे. त्या ओळी निवडून कंट्रोल आणि एम दाबा, थेट दिलेलं रूप निघून जातं. मात्र त्याबरोबर ठळक आणि तिरपी केलेली अक्षरंही साधी होतात, म्हणून सगळा अहवाल निवडून हे करू नका.

फाइलमध्ये मंगल फॉन्ट असेल तर तोही तपासा. विंडोज १० पासून मंगल मूळ संचात येत नाही. मराठी किंवा हिंदी भाषा जोडलेली नसेल तर तो नसतोच आणि त्याच्या जागी निर्मला यूआय दिसतो. मंगलची ओळ चांगलीच उंच असते, त्यामुळे दोन फॉन्टमध्ये पानांचा हिशेब पार बदलतो. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'ऑप्शनल फीचर्स' शोधा आणि 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' जोडा. मंगलबरोबर कोकिळा, अपराजिता आणि उत्साहही मिळतात. अनुस्वार किंवा रफार वरून कापल्यासारखे दिसत असतील तर फॉन्टला दोष देऊ नका. ओळीतलं अंतर 'एक्झॅक्टली', लिबरऑफिसच्या भाषेत 'फिक्स्ड', ठेवलेलं असतं. ते 'ॲट लीस्ट' करा.

अहवालातला एखादा जुना उतारा मराठीऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसत असेल तर तो कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या, युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची सामाईक संकेतपद्धत) येण्याआधीच्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. तिथे फाइलमध्ये मुळात देवनागरी नसतेच, फक्त चित्र देवनागरीचं असतं. त्या फॉन्टसाठीच्या कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि जोडाक्षरं, रफार डोळ्यांनी तपासा. कन्व्हर्टर नेमके तिथेच चुकतात.

आता पर्यायांबद्दल, कारण तुम्ही विचारलंच आहे. ओन्लीऑफिस डेस्कटॉप एडिटर्स मोफत आहे आणि ते वर्डच्या डॉकएक्स फॉरमॅटवरच बेतलेलं आहे. गुंतागुंतीच्या इंग्रजी फाइलची मांडणी त्यात अनेकदा लिबरऑफिसपेक्षा जवळची येते. मराठीसाठी घेण्याआधी 'क्ष्म', 'ट्र', 'र्‍या', 'द्ध्य' असे शब्द टाइप करून, कर्सर मागे-पुढे नेऊन आणि पीडीएफ काढून पाहा. लिबरऑफिसच्या बरोबरीने ते संगणकावर राहू शकतं, एक काढावं लागत नाही. ॲपाची ओपनऑफिसच्या वाटेला जाऊ नका. ते डॉकएक्स उघडतं, पण डॉकएक्समध्ये सेव्ह करू शकत नाही, म्हणजे तुमच्या कामासाठी निरुपयोगी.

आणि एक पर्याय लोक विसरतात: ब्राउझरमधलं वर्ड. मायक्रोसॉफ्टचं मोफत खातं असलं की चालतं, फाइल वनड्राइव्हवर ठेवावी लागते, जागा ५ जीबी. मॅक्रो (फाइलमध्ये साठवलेल्या, आपोआप चालणाऱ्या आज्ञा) चालत नाहीत, काही सोयी कमी आहेत, पण मांडणी बघायला आणि चार ओळी बदलायला पुरतं. अहवालात गोपनीय मजकूर असेल तर दुसऱ्याच्या सर्व्हरवर चढवण्याआधी ऑफिसात विचारा.

तुमच्या जागी मी नवं लिबरऑफिस आणि अहवालाचे फॉन्ट एवढं आधी करीन. त्यानंतरही पाच-सहा पानं हटून बसली तर ओन्लीऑफिस बाजूला बसवून तीच फाइल त्यात उघडून पाहीन.

सेव्ह करताना सांभाळा. फाइल परत वर्डमध्ये जायची असेल तर ती डॉकएक्सच राहू द्या. मधेच ओडीटी (लिबरऑफिसचा स्वतःचा फॉरमॅट) करून पुन्हा डॉकएक्स केली की दोनदा भाषांतर होतं आणि दर वेळी काहीतरी गळतं. लिबरऑफिस सेव्ह करताना कुठला फॉरमॅट ठेवायचा ते विचारतं, तिथे वर्डचाच निवडा. काम सुरू करण्याआधी मूळ फाइलची प्रत वेगळ्या नावाने ठेवा, आणि टूल्स > ऑप्शन्स > लोड/सेव्ह > जनरलमध्ये बॅकअप प्रत बनवण्याची खूण लावा. समोरच्याने फक्त वाचायचं असेल तर डॉकएक्स पाठवूच नका, पीडीएफ पाठवा. लिबरऑफिसच्या पीडीएफ एक्स्पोर्टमध्ये 'हायब्रिड पीडीएफ' अशी खूण आहे. ती लावली तर पीडीएफच्या पोटात लिबरऑफिसच्या स्वतःच्या फॉरमॅटमधली मूळ फाइलही जाते: कोणीही ती पीडीएफ म्हणून वाचू शकतं आणि तुम्ही लिबरऑफिसमध्ये उघडून दुरुस्त करू शकता.

नव्या आवृत्तीत खिडकी काळी पडली किंवा अक्षरं लुकलुकली तर हेल्प > रीस्टार्ट इन सेफ मोड घ्या. तिथे नीट चाललं तर टूल्स > ऑप्शन्स > व्ह्यूमध्ये 'फोर्स स्किया सॉफ्टवेअर रेंडरिंग' ही खूण लावून पाहा, दोष बहुतेक वेळा ग्राफिक्स ड्रायव्हरचा असतो. सेफ मोडमधलं 'रिसेट टू फॅक्टरी सेटिंग्ज' मात्र घाईने दाबू नका. तुम्ही शब्दकोशात जोडलेले मराठी शब्द आणि ऑटोकरेक्टच्या नोंदी त्याबरोबर जाऊ शकतात. त्याच खिडकीत प्रोफाइलची, म्हणजे तुमच्या सगळ्या सेटिंग्जची, झिप करून ठेवायची सोय आहे, ती आधी वापरा.